झाबाची मागची काच

शनिवारी लग्न होतं आणि गुरुवारी दुपारी गाडीला मागची काच नव्हती.

काच होती, पण गाडीत नव्हती. ती काझच्या गॅरेजमध्ये दोन जुन्या उशांवर पडून होती, जेवलेल्या व्याह्याला जरा आडवे व्हा म्हणावं तशी. तिच्यापासून चार हातांवर लांब टेबल होतं आणि टेबलावर पीठ, बटाट्याचं सारण, परतलेला कांदा, लाटणी. व्हिचोरेकांच्या घरात लग्नाच्या पिएरोगी, म्हणजे उकडायच्या पोलिश करंज्या, गॅरेजमध्येच होतात. स्वयंपाकघर पाहुण्यांना दाखवण्यासाठी असतं. त्यामुळे एका बाजूला बायका कणकेच्या कडा मुडपत होत्या, दुसऱ्या बाजूला काझ रबराच्या कडा साफ करत होता, आणि दोन्ही पक्षांचं म्हणणं एकच होतं, की वास तुमचा येतोय.

"तुझ्या बापाला सांग," डोलोरेस हातातली पारी मुडपत मार्सीला म्हणाली, "त्या शेंबडाच्या ट्यूबला टोपण लाव म्हणावं. सारणाला वास लागेल."

रबर चिकटवायच्या पिवळ्या गोंदाला मोटारींच्या कारखान्यात सगळे शेंबूडच म्हणत, आणि निवृत्त होताना काझने तेवढा एक शब्द घरी आणला होता.

"डॅडी, चोची म्हणतेय टोपण लाव."

"तुझ्या चोचीला सांग, टोपण लावलेलंच आहे. वास तिच्या कांद्याचा आहे."

मार्सी म्हणजे शनिवारची नवरी, काझची मुलगी. तिचा बाप आणि तिची चोची, म्हणजे आत्या, गेल्या ऑक्टोबरपासून एकमेकांशी थेट बोलत नव्हते. निरोपांची ने-आण मार्सी करायची. ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती, त्यामुळे तोंड उघडं असूनही न बोलणाऱ्या माणसांची तिला सवय होती.

ऑक्टोबरात म्हातारा स्टॅन व्हिचोरेक गेला. दफन झालं, चर्चच्या तळघरात जेवण झालं, आणि जेवण संपता संपता काझ बापाची गाडी सुरू करून आपल्या गॅरेजला घेऊन गेला. डोलोरेसला विचारलं नाही. घटस्फोटानंतर ती आईबापाच्या घरी परत आली होती ती तिथेच राहिली. बापाची औषधं, आईचे गुडघे आणि शनिवारी गाडी धुणं ही खाती तिच्याकडे होती. जेवणावरून घरी आली तर अंगणात तेलाचा डाग तेवढा. "विचारायचं तरी," असं ती त्या दिवशी म्हणाली आणि मग त्याच्याशी बोलायचीच थांबली.

गाडी पंचावन्न सालची, चार दारांची, खाली गडद हिरवी आणि वर फिकट. घरात तिला झाबा म्हणत, पोलिशमध्ये बेडूक. नाव रंगावरून पडलं होतं, पण पाण्याशी तिचं नातं बघता दुसरं शोभलंही नसतं. झाबा गळायची. पाऊस असला की मागच्या काचेच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातून थेंब पडायचा, तो मागे डावीकडे बसलेल्या माणसाच्या खांद्यावर. आणि लग्नात तिथे नवरी बसायची.

स्टॅनच्या बहिणीपासून सात नवऱ्या झाबातून चर्चला गेल्या. इथे बे सिटीत जूनमधल्या लग्नाला पाऊस न बोलावता येतोच. सहा जणींच्या खांद्यावर थेंब पडला आणि सहाही जणी आपापल्या नवऱ्याबरोबर म्हाताऱ्या झाल्या किंवा होत आहेत, एखादी तर गरजेपेक्षा जास्त. उरलेली एक डोलोरेस. चौऱ्याऐंशी साली धो धो पावसात ती झाबातून कोरडी उतरली, आणि पाच वर्षांत रे सोबोटाबरोबरचा संसार आटोपून चार खोकी घेऊन परत आली. तेव्हापासून साउथ एंड वस्तीतल्या लग्नघरांत एक वाक्य तयार असतं: डोलोरेससारखी कोरडी नको बाई. ते म्हणताना डोलोरेस शेजारीच पिएरोगी मुडपतेय याचं कुणाला काही वाटत नाही. डोलोरेसलाही सवय झाली होती, किडलेल्या दाढेची होते तशी. त्या बाजूने चावायचं नाही, एवढंच.

आणि काझने फ्लिंटच्या कारखान्यात अख्खी नोकरी पाण्याच्या खोलीत काढली होती. तयार गाडी सगळ्यात शेवटी त्या खोलीत यायची, चारी बाजूंनी फवारे सुटायचे, आणि काझ टॉर्च घेऊन गाडीच्या आत बसून गळती शोधायचा. तो मान डोलावेपर्यंत गाडी पुढे जात नसे. असा हा माणूस दर रविवारी बापाच्या गळक्या गाडीतून, मांडीवर टॉवेल घेऊन चर्चला जायचा. "पा, अर्ध्या दिवसाचं काम आहे," तो म्हणायचा. स्टॅन म्हणायचा, "बेडकाला पाण्याचं काय?" विषय संपला.

आता अडवायला स्टॅन नव्हता. हिवाळाभर काझने झाबाची चारही दारं, डिकी, खिडक्यांच्या खाचा, सगळीकडचं रबर खरवडून काढलं आणि नवं बसवलं. जुन्या रबराची दशा बघण्यासारखी होती. स्टॅनचं मत होतं की रबर म्हणजे कातडंच, त्याला खायला घातलं पाहिजे. म्हणून ईस्टरचे सॉसेज झाले की उरलेली डुकराची चरबी तो दारांच्या पट्ट्यांना चोळायचा. चरबीने रबर फुगतं, सैल पडतं आणि शेवटी कणकेसारखं हाताला येतं, हे काझ त्याला सांगून थकला. फरक एवढाच पडला की गल्लीतली कुत्री झाबाची दारं चाटायला यायची, आणि स्टॅनला वाटायचं कुत्र्यांना गाडीची पारख आहे.

राहिली होती ती मागची काच.

"काझ," बुशा म्हणाली. बुशा म्हणजे आजी. काझ आणि डोलोरेसची आई गेनिया, पण आता चर्चमधले फादरसुद्धा तिला बुशा म्हणत. ती टेबलाच्या टोकाशी बसून ग्लासच्या काठाने पाऱ्या कापत होती. "ती काच तू घट्ट बसवणार?"

"बसवणार, मा."

"थेंबसुद्धा नाही?"

"थेंबसुद्धा नाही."

"मग शनिवारी मी घरी राहीन. माझे गुडघे दुखतात."

"गुडघ्यांचा इथे काय संबंध?"

"लोकांना सांगायला काहीतरी लागतं ना. काय सांगू, नातीला कोरडी धाडली म्हणून आले नाही?"

"बुशा, शनिवारी पाऊस सांगितलाय," रूथ म्हणाली. "मार्सीचा ड्रेस रेशमी आहे. पाण्याचा डाग पडतो त्याच्यावर." रूथ काझची बायको, फ्रँकनमथच्या जर्मन घरातली. या कुटुंबात इतकी वर्षं काढूनही ती अधूनमधून मुद्द्याचं बोलायची.

"डाग धुता येतो," बुशा म्हणाली. "बाकीचं नाही धुता येत."

सगळ्यांनी एकदम आपापल्या हातांकडे पाहिलं. डोलोरेसकडे न बघण्याची ही या घरातली पद्धत होती आणि ती लांबूनही ऐकू येई.

"मला दोन्ही चालेल," मार्सी म्हणाली. "पडू दे थेंब, नाहीतर नको पडू दे. बुशा यायला हवी, बस."

"मार्सी कोरडी जाणार," डोलोरेस म्हणाली.

ती टेबलाला उद्देशून बोलली, पण काझने मान वर केली. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदाच दोघं एका बाजूला आले होते, आणि दोघांनाही ते जरा अवघडच गेलं.

या लग्नात डोलोरेसला दुसरं काही नको होतं. मार्सीने भर पावसात झाबातून कोरडं उतरावं आणि पुढे मजेत राहावं. मग ते वाक्य आपोआप मरेल. एखाद्या वाक्याला मारायला पोरीचा अख्खा संसार लागावा हे जास्त होतं, पण दुसरा इलाज तिला दिसत नव्हता.

"तूच हे म्हणतेस?" बुशा म्हणाली.

"मीच म्हणणार. दुसरं कोण म्हणेल?"

"तुला काही कळत नाही," बुशा म्हणाली आणि ग्लास पारीवर जरा जोरात दाबला.

काझने पुन्हा पाठ केली. काचेच्या चौकटीतला फट बुजवायचा जुना मसाला तो लाकडी पट्टीने खरवडत होता. दगडासारखा वाळलेला करडा थर तुकड्या-तुकड्यांनी निघत होता आणि रूथने पसरलेल्या वर्तमानपत्रावर पडत होता. उजवा कोपरा झाला. वरची बाजू झाली. डाव्या कोपऱ्याशी येऊन त्याचा हात थांबला. त्याने टॉर्च काढला. मग चष्मा काढला, पुसला, लावला, आणि परत टॉर्च धरला. पाण्याच्या खोलीत असताना तो असा थांबला की मागची सगळी रांग थांबायची, असं म्हणत.

"डोलोरेस," तो म्हणाला. "इकडे ये."

मार्सी निरोप न्यायला निघाली होती, ती जागच्या जागी थांबली.

डोलोरेसने हात पुसले आणि गेली. काझने टॉर्चचा झोत कोपऱ्यात धरला.

"हे करडं दिसतंय ना, ते मुळातलं. त्याच्यावर हे काळं काय आहे?"

"मला काय विचारतोस?"

"डांबर आहे. छपराचं डांबर. आपल्या परसातल्या शेडवर पा जे फासायचा ते. हे काम त्याचंच, बोटाने दाबलेलं. हा बघ, अंगठा." डांबरात खरंच एका रुंद अंगठ्याचा ठसा होता, रेघांसकट. "म्हणजे कोपरा त्याने बुजवला होता. चांगला बुजवला होता. मीही पास केला असता."

"पण गाडी तर गळायची."

"तेच सांगतोय." त्याने लाकडी पट्टीचं टोक डांबरातून आरपार गेलेल्या एका बारीक खाचेवर ठेवलं. "ही चीर आपोआप पडलेली नाही. आपोआप पडते ती वाकडीतिकडी असते. ही चाकूने कापलीय. आधी बुजवलं, मग कधीतरी मुद्दाम उघडलं."

डोलोरेस त्या अंगठ्याकडे बघत राहिली.

तिच्या स्वतःच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात आईचा साटिनचा ड्रेस तिच्यासाठी लहान करून झाला होता. ती परसात गेली होती. पा शेडच्या छपरावर होता. 'पा,' ती खालून म्हणाली होती, 'माझ्या ड्रेसवर थेंब नको हं. साटिनवर डाग राहतो.' बावीस वर्षांच्या मुली बापाला सांगतात तसं, जाता जाता. पा वरून काही बोललाही नव्हता. तिला आठवत होतं ते एवढंच, की शिडीवरून उतरताना त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते.

"मीच सांगितलं होतं त्याला," ती म्हणाली.

"काय?"

"की गळायला नको. माझ्या वेळी."

काझने टॉर्च बंद केला, चालू केला.

"आणि तू परत आल्यावर त्याने ते कापलं," तो म्हणाला. "त्याला वाटलं असणार त्याच्याच हाताने..." वाक्य त्याने तिथेच सोडलं. "आणि मी त्याला दर रविवारी विचारत होतो. पा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. मूर्ख."

"तू की तो?"

"दोघं."

टेबलाशी ग्लास दाबण्याचा आवाज बंद झाला होता. बुशा बघत होती. किती ऐकलं ते चेहऱ्यावरून कळेना. तिचा चेहरा अशा बाबतीत चांगला बसवलेला होता.

"ऐक," काझ आवाज उतरवून म्हणाला. "तू म्हणशील तसं करू. हवं तर नव्या रबराला मी तिथे एक बारीक चीर देतो. थेंब पडेल. मा येईल लग्नाला, मार्सीचा जीव शांत होईल. कुणाला कळणार नाही."

डोलोरेसने त्याच्याकडे पाहिलं. ज्या माणसाने आयुष्यात एक गळकी गाडी पुढे सोडली नाही, तो आपल्या हाताने गळती काढून द्यायला तयार झाला होता. माफी मागायचे या घरात अनेक प्रकार होते. शब्द सोडून सगळे.

"नको," ती म्हणाली. "बुजव."

नवं रबर काझने सकाळपासून कोमट पाण्याच्या टबात टाकून ठेवलं होतं. ते आता मऊ झालं होतं. त्याने ते काचेच्या कडेवर चढवलं, बाहेरच्या खाचेत सगळीकडून दोरी भरली आणि दोरीची दोन्ही टोकं खालच्या बाजूला, गाडीच्या आत येतील अशी, मोकळी सोडली. गणित सोपं असतं: दोघांनी बाहेरून काच चौकटीवर दाबून धरायची, आतल्या माणसाने दोरी हळूहळू ओढायची, म्हणजे दोरीमागोमाग रबराची कड उचलली जाते आणि चौकटीच्या पत्र्यावर आतून बसते. बाहेरच्यांनी आणि आतल्याने मात्र एकमेकांशी बोलत राहावं लागतं. त्याला तोड नाही. कारखान्यात म्हणे दोन माणसांनी न बोलता काच बसवायचा प्रयत्न केला होता. काचेचे तुकडे झाडायला चार लागली.

"आत कोण?" रूथने विचारलं.

"डोलोरेस," काझ म्हणाला. "तिच्या हाताला घाई नाही."

रूथ आणि काझ बाहेर, डोलोरेस मागच्या सीटवर गुडघे टेकून आत. मार्सी साबणाच्या पाण्याची बादली घेऊन उभी. बुशाने बसल्या जागेवरून चरबीचा डबा पुढे सरकवला.

"हे लाव. सरसर जाईल."

"मा, नाही. साबणच."

"तुझा बाप लावायचा."

"म्हणूनच नाही."

काझने काच उचलून चौकटीवर टेकवली. "ओढ. हळू. चौकटीच्या बाजूला नको, काचेच्या मध्याकडे ओढ."

"ओढतेय."

"थांब. रूथ, तळहाताने दाब. हां. ओढ."

रबराची कड पाण्यातून मासळी वळावी तशी दोरीमागे वळत गेली. हातभर गेली असेल.

"काझ," डोलोरेस आतून म्हणाली.

"काय? अडकली?"

"चकचकीत पट्टी कुठे आहे?"

काचेभोवतीची क्रोमची पट्टी काच लावण्याआधी रबरात बसवावी लागते. नंतर ती कुणाच्या बापाच्याने बसत नाही. काझने हिवाळाभर ती पट्टी आरशासारखी घासली होती आणि कुणाचा पाय पडू नये म्हणून वर खुंटीवर टांगली होती. ती तिथेच होती, लकाकत.

"मार्सी," डोलोरेस म्हणाली, "तुझ्या बापाला सांग..."

"ऐकलं मी," काझ म्हणाला.

रूथ हसायला लागली. हसताना काच धरवेना म्हणून काझ तिच्यावर ओरडला, मग तोही हसला, आणि मार्सीने बादली खाली ठेवून बापाच्या जागी काच धरली. सगळं काढून, पट्टी बसवून, दोरी परत भरून दुसऱ्यांदा सुरुवात झाली. या वेळी कुणी निरोप पाठवला नाही. "ओढ." "ओढतेय." "डावीकडे दाब." "दाबलं." "आता अंगठ्याचा कोपरा आला. हळू." "हळूच आहे." नवं रबर अंगठ्याच्या त्या जागेवरून वळलं, पत्र्यावर बसलं, आणि दोरीचं टोक डोलोरेसच्या मांडीवर पडलं.

काझने तळहात काचेवर फिरवला. कोपऱ्यावर दोनदा फिरवला.

"आता पाणी," तो म्हणाला.

झाबा अंगणात नेली गेली. काझने शेजाऱ्यांकडून हिरवळीवर पाणी मारायचे फवारे गोळा केले होते आणि ते शिड्यांना बांधून चारी बाजूंनी लावले होते. फ्लिंटची खोली इतकी गरीब कधी दिसली नव्हती, पण तो त्याच गंभीरपणे टॉर्च घेऊन मागच्या दाराशी गेला.

"आत मी बसणार," बुशा म्हणाली.

ती काठी टेकत आली होती, हातात घडी केलेला रुमाल. "गळतं की नाही ते मी बघणार. तुझं तू सांगशीलच."

"मा, मी या कामात अख्खी नोकरी..."

"माहीत आहे. सरक."

ती मागच्या सीटवर उजवीकडे बसली. डोलोरेस डावीकडे शिरली, नवरीच्या जागी. चौऱ्याऐंशीनंतर त्या जागेवर ती कधी बसली नव्हती. धुताना सीट पुसायची तेवढंच. काझने दार लावलं. नवं रबर जाड आणि ताठ. दार नुसतं टेकलं. त्याने अंग घालून ते दाबलं तेव्हा कानांत दडे बसल्यासारखं झालं आणि बाहेरचं जग बंद झालं.

मग पाणी आलं. चारी काचा पांढऱ्या झाल्या. छतावर पाणी वाजत होतं, पण लांबच्या खोलीत कुणी तांदूळ पाखडावेत तसं. या गाडीत इतकी शांतता डोलोरेसने कधी ऐकली नव्हती. झाबा चालू लागली की फटीफटींतून शिट्टी वाजायची. आत बसून बोलायचं तर ओरडावं लागे. म्हणून झाबात या घरातली भांडणं कधी झाली नाहीत. दुसरं काही बोलणंही त्याच कारणाने राहून गेलं असावं.

दोघी कोपऱ्याकडे बघत बसल्या. कोपरा कोरडा होता.

"मा," डोलोरेस म्हणाली, "माझ्या लग्नाआधी पाने तो बुजवला होता. मी सांगितलं म्हणून."

"माहीत आहे."

"आज ऐकलंस ते?"

"तेव्हाच माहीत होतं. डांबर नखांतून आठवडाभर जात नाही. तुझ्या लग्नाचे फोटो बघ, त्याचे हात एकातही नाहीत. सगळीकडे मागे धरलेत. नवरीचा बाप वाटत नाही, पकडून आणल्यासारखा उभा आहे."

डोलोरेसने मान वळवून आईकडे पाहिलं. "माहीत होतं, आणि तरी तू गाडीला बोल लावलास? कोरडी गेली म्हणून झालं, कोरडी गेली म्हणून झालं. तूच सुरू केलंस ते. तो समोर बसून ऐकायचा."

बुशाने रुमालाची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"तू खोकी घेऊन आलीस," ती म्हणाली, "तेव्हा लोकांना कुणाचं तरी चुकलेलं हवं होतं. त्याशिवाय ते जात नाहीत. कुणाचं म्हणू? तुझं म्हणू?"

"रेचं म्हणायचं. रेचंच होतं."

"रेची आई चर्चमध्ये पिएरोगीच्या टेबलावर माझ्यासमोर बसायची. तिच्या पोराचं नाव घेतलं असतं तर टेबल मोडलं असतं. अर्ध्या बायका तिच्या बाजूला गेल्या असत्या आणि त्यांनी तुझं नाव घेतलं असतं. मग राहिलं कोण? गाडी. गाडीला आई नव्हती."

छतावर तांदूळ पडत राहिले.

"आणि पा?"

"त्याला विचारूनच केलं. तो म्हणाला, सांग गाडीचं, ती काय उलट बोलणार आहे. मग दोन दिवस विचार केला, आणि चाकू घेऊन गेला आणि कोपरा कापून आला. म्हणाला, आता गळलीच पाहिजे. नाहीतर पुढची कोरडी जाईल, सुखात राहील, आणि लोक म्हणतील, बघा, म्हणजे गाडीचं काही नव्हतं. डोलोरेसचंच होतं."

"काझला वाटतंय, पा स्वतःला दोष द्यायचा."

"स्वतःला?" बुशाला खरंच नवल वाटलं. "तो रेला गाढव म्हणायचा. झोपेतसुद्धा म्हणायचा."

डोलोरेसला हसू फुटलं.

"म्हणून तुला शनिवारी थेंब हवा होता," ती म्हणाली.

"मग? मला काय पाण्याची हौस आहे?"

बाहेर टॉर्चचा झोत काचेवरून फिरला. त्यामागे काझचा चेहरा होता, भिजलेला. त्याचे ओठ हलत होते. ऐकू काहीच येत नव्हतं.

"मा, मी सत्तावन्न वर्षांची आहे."

"दिसत नाहीस."

"म्हणू दे लोकांना. इतकी वर्षं कोरडी म्हणून घेतलं, आता कजाग म्हणून घेईन. तेवढाच बदल. पण त्या पोरीच्या अंगावर गार पाणी कशाला?"

बुशा विचारात पडली. ती विचार करत असली की खालचा ओठ वरच्यावर बसायचा, पिएरोगीची कड दाबावी तसा.

"रेची आई मार्चमध्ये गेली, नाही का?" ती शेवटी म्हणाली.

"हो. तूच गेली होतीस दफनाला."

"म्हणजे आता रेचं म्हणायला हरकत नाही."

"काहीच हरकत नाही."

"मग येईन मी शनिवारी," बुशा म्हणाली. "गुडघ्यांचं बघू."

काझ काचेवर बोटाने वाजवत होता. अंगठा वर की खाली, एवढंच त्याला हवं होतं. नोकरीभर दुसऱ्यांच्या गाड्यांना जे त्याने दिलं ते आज आपल्याला मिळावं म्हणून तो पाण्यात उभा होता. डोलोरेसने अंगठा वर केला. त्याला पुरेसं वाटलं नाही. त्याने आईकडे बोट दाखवलं. बुशाने त्याला थोडा वेळ ताटकळत ठेवलं आणि मग आपलाही अंगठा वर केला. काझने शिडीला हात टेकला आणि जमिनीकडे बघत उभा राहिला.

डोलोरेसने दाराचं हँडल दाबलं. दार हललं नाही. नवं रबर धरून बसलं होतं. तिने खिडकीची मूठ धरली आणि काच बोटभर खाली केली.

पाणी तिरकं आत आलं ते थेट तिच्या डाव्या खांद्यावर, नवऱ्यांना थेंब पडायचा तिथेच. जूनच्या मानाने बरंच गार होतं.

काझ धावत आला. त्याचा चेहरा पडला होता. "कुठून येतंय?" तो फटीतून म्हणाला. "कोपऱ्यातून?"

"कोपरा कोरडा आहे. खिडकी मी उघडलीय."

"तपासणी चालू असताना? का?"

"दार उघडत नाही."

"मग वाजवायचं होतंस." तो काच लाव म्हणणार होता, पण थांबला. पाणी त्याच्या कपाळावरून चष्म्यावर आणि चष्म्यावरून फटीत येत होतं. "ऑक्टोबरात," तो म्हणाला, "मी गाडी नेली. विचारायचं होतं तुला."

"शनिवारपर्यंत ठेव," डोलोरेस म्हणाली. "मग घरी आणून दे. धुवायची आहे."

"पाणी बंद करू?"

"राहू दे जरा," आतून बुशा म्हणाली.

डोलोरेसच्या बाहीवरून ओल कोपरापर्यंत उतरली होती. बुशाने रुमाल उघडून तिच्या खांद्याकडे हात नेला. मग तिने तो हात तसाच मागे घेतला, रुमालाची घडी घातली आणि मांडीवर ठेवली.